दप्तरातला झुंजार



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आपल्या १९९६ च्या बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईला चार पाने मराठी लिहायची म्हणजे घाम फुटतो. शिवाय शाळेची घंटा, पावसात भिजलेली दप्तरे, मधल्या सुट्टीतल्या चिंचा आणि बोरे यांवर बाकीचे लिहितीलच. म्हणून मी अशा एका लेखकावर लिहायचे ठरवले, ज्याला आपल्या शाळेत शिरायला बंदी होती. बाबूराव अर्नाळकर. त्यांच्याशी माझा एक जुना हिशेब राहून गेला आहे. तो आधी सांगते, म्हणजे पुढचे समजेल.

आपण आठवीत होतो. मी मॉनिटर. आपल्या वर्गात एकदऱ्याच्या कोळीवाड्यातून येणारा एक मित्र होता. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. मराठीच्या तासाला धडा वाचायला उभा केला की तो अडखळायचा, मुले हसायची आणि तो खाली बघत बसायचा. पुढे पुढे बाईंनीही त्याला उठवणे सोडून दिले. त्या दिवशी ऑफ तास होता. मी फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहीत होते. शेवटच्या बाकाभोवती सातआठ जण डोकी जुळवून बसले होते आणि मधोमध तो दबक्या आवाजात वाचत होता. न अडखळता, घडाघडा. भूगोलाच्या पुस्तकात दडवलेले एक जुने, कव्हर फाटके पुस्तक होते. झुंजारची कथा. मी ते उचलले आणि थेट टीचर्स रूममध्ये नेऊन दिले. पुस्तक कपाटात गेले, त्याला छड्या बसल्या, आणि मला शाबासकी मिळाली.

पुस्तक परत मिळाले नाही. ते त्याच्या काकांचे होते. काका मुंबईत गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, तो मोडला, आणि हजारो कोकणी माणसांसारखे तेही गावी परतले. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक अर्नाळकर होते. हे सगळे मला गेल्या वर्षी कळले, ग्रुपवरून त्याचा नंबर मिळवून मी फोन केला तेव्हा. दहावीच्या परीक्षेला तो आपल्यात नव्हता, हे तुम्हाला आठवत असेल. नववीनंतर तो होडीवर गेला. माझ्यामुळे गेला असे मी म्हणत नाही, घरची कारणे वेगळी होती. पण त्या दिवसानंतर त्याने शाळेत पुस्तक म्हणून काही आणले नाही, हे खरे. फोनवर तो हसत होता. कथेचा शेवट मात्र त्याला आजवर कळलेला नाही. विजया कुठेतरी अडकली होती आणि झुंजार तिच्याकडे निघाला होता, एवढेच त्याला आठवते.

तेव्हापासून मी ते पुस्तक शोधते आहे. आणि पुस्तक शोधता शोधता लेखकाच्या मागे लागले.

पहिला शोध असा, की बाबूराव अर्नाळकर हे त्यांचे खरे नावच नव्हे. माणसाचे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. लेखनासाठी घेतलेल्या नावात अर्नाळा हे गाव आले. हे अर्नाळा वसईच्या वर, वैतरणा नदीच्या मुखाशी. तिथेही आपल्या पद्मदुर्गासारखा भर समुद्रात किल्ला आहे. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला आणि नव्याने बांधला. मुरूडच्या किनाऱ्यावर उभे राहून समुद्रातल्या किल्ल्याकडे बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे नाव परके वाटायचे कारण नाही. चव्हाण म्हणून त्यांना वाचकांपैकी कुणी ओळखत नव्हते. अर्नाळकर म्हणून अख्खा महाराष्ट्र ओळखत होता.

जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. गिनेस बुकाच्या नोंदीत ९ जून १९०७ ही तारीख आहे. आयुष्य मुंबईत गेले. पोटापाण्यासाठी त्यांचे चष्म्याचे दुकान होते. हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली, कारण शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल हाही डोळ्यांचाच डॉक्टर. १८९१ मध्ये त्याने लंडनमध्ये डोळ्यांचा दवाखाना थाटला, रुग्ण फारसे फिरकले नाहीत, आणि त्या रिकाम्या वेळात होम्सच्या कथा लिहून झाल्या. अर्नाळकरांचे तसे नव्हते. त्यांना दुकान होते आणि वाचकही होते, आणि दोन्ही सांभाळायचे होते. लोकांना नीट दिसावे म्हणून दुकानात भिंगे विकायची आणि घरी बसून असे लिहायचे, की वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नीट दिसू नये.

रहस्यकथा मराठीत त्यांनी आणली असे नाही. त्यांच्या आधी गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या वळणावर ‘कालिकामूर्ती’सारख्या अद्भुत कादंबऱ्या लिहून लोकांची झोप उडवली होती. दुसरे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. तरुणपणी सिंहगडावरून पडून त्यांच्या कमरेखालचे अंग लुळे पडले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचन सुरू केले, मग लिहू लागले आणि ‘वीरधवल’, ‘सोनेरी टोळी’ अशा कादंबऱ्या मराठीला दिल्या. १९२८ मध्ये ते गेले. पण या कादंबऱ्या जाडजूड. सावकाश, आठवडाभर वाचायच्या. दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तेवढी फुरसत कुठली? एका बैठकीत संपेल, खिशात मावेल आणि परवडेल अशी गोष्ट त्याला हवी होती. ती अर्नाळकरांनी दिली.

१९३६ पासून त्यांची पुस्तके येऊ लागली आणि १९८४ पर्यंत येत राहिली. गिनेस बुकाच्या नोंदीप्रमाणे या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मी सवयीने कॅल्क्युलेटर काढला. अठ्ठेचाळीस वर्षांत १०९२ म्हणजे वर्षाला जवळजवळ तेवीस. दर सोळा दिवसांनी एक पुस्तक! आमच्या क्षेत्रात दोन आठवड्यांचे काम ठरवून घेतात, त्याला स्प्रिंट म्हणतात. तेवढ्यात एक स्क्रीन धड होत नाही. आणि हा माणूस संगणक, मदतनीस, सुट्टी असले काही न मागता अर्धे शतक हे करत होता. तेही दुकान सांभाळून. लग्नकार्य, आजारपण, महायुद्ध, स्वातंत्र्य, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, आणीबाणी, सगळे काही या सोळा-सोळा दिवसांच्या मध्येच त्यांच्या आयुष्यातून गेले असणार.

त्यांची माणसे आठवा. झुंजार हा पैशाला तोटा नसलेला, हसतमुख आणि धाडसी. कायद्याच्या तावडीतून सुटलेल्या बदमाशांना तो लुटायचा, पोलिसांना मदतही करायचा आणि त्यांना चकवायचाही. बरोबर त्याची बायको विजया. ती घरी काळजी करत बसणाऱ्यांतली नव्हती, मोहिमेत सामील असायची. काळा पहाड दिवसा सभ्य गृहस्थ आणि रात्री काळ्या पोशाखात बाहेर पडणारा. धनंजय हा गुप्तहेर, आणि त्याच्याबरोबर छोटू. एकेका नायकाचे वाचक वेगळे असत. वाचनालयात गेल्यावर लोक लेखकाचे नाव घेतच नसत, नवा झुंजार आला का एवढेच विचारत.

या नायकांचे मूळ परदेशी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. गुन्हेगारांना लुटणारा सभ्य चोर फ्रान्समध्ये १९०५ मध्येच आर्सेन ल्युपाँच्या रूपाने अवतरला होता. लेस्ली चार्टरिसचा सेंट १९२८ मध्ये आला. अर्नाळकरांनी या घराण्याच्या इंग्रजी कथांमधून आराखडे उचलले आणि त्यांवर मुंबई उभी केली. त्यांच्यावर टीका करणारे हे नेहमी पुढे करत. माझे मत थोडे वेगळे आहे. आम्ही प्रोग्रामर लोक दुसऱ्याने लिहिलेला कोड रोज वापरतो. तो जसाच्या तसा चालत नाही. आपल्या यंत्रणेत बसवताना त्याच्या साऱ्या गाठी सोडवाव्या लागतात. लंडनच्या धुक्यात चालणारा डाव मुंबईच्या चाळीत, गिरगावच्या गल्लीत, मराठी नवराबायकोच्या तोंडी चालवून दाखवायचा, आणि तो वाचणाऱ्याला तो आपलाच वाटला पाहिजे, हे काम हजार वेळा जमणे ही नुसती नक्कल नव्हे. त्यांचे ऋण मात्र मान्य केले पाहिजे. कुणाचे काय घेतले हे पुस्तकावर छापलेले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

त्यांनी पाळलेली एक शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. या कथांमध्ये मारामाऱ्या आहेत, खून आहेत, पण किळसवाणे काही नाही, आणि बीभत्स तर नाहीच. दुष्टाला शिक्षा होते. फसवलेल्याला त्याचे परत मिळते. दिवसभर मुकादमाची बोलणी खाऊन खोलीवर आलेल्या माणसाला रात्री दिव्याखाली तेवढे तरी मिळत असे. गिरणगावातल्या एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आमच्या मित्राच्या काकांची अक्षरओळख अशीच पक्की झाली. गावच्या शाळेत ते चौथीच्या पुढे गेले नव्हते. खोलीतला वाचणारा गडी पाळी बदलून गेला आणि गोष्ट अर्धी राहिली, तेव्हा काकांनी स्वतः पुस्तक हातात घेतले. पुढे त्यांनी तेच पुतण्याला शिकवले, शाळेतून येऊन पालथा पडलेल्या पोराला ट्रंक उघडून दिली.

म्हणजे त्या मुलाला वाचता येत नव्हते असे नव्हतेच. वर्गात उभे राहून, हसणाऱ्या चाळीस जणांपुढे वाचता येत नव्हते. हे ओळखायला मला तीस वर्षे लागली.

साहित्यात अर्नाळकरांची जागा कोणती, हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. लाखो लोक त्यांना वाचत होते, पण दिवाणखान्यातल्या कपाटात त्यांची पुस्तके दिसत नसत. ती उशीखाली असत, नाहीतर क्रमिक पुस्तकाच्या आत. इंग्लंडमध्ये १९३० मध्ये अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, चेस्टरटन अशा लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला. वाचकाला फसवायचे, पण नियम पाळून फसवायचे, अशी तिथे नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे. चेस्टरटन पहिला अध्यक्ष. तिथे रहस्यकथा लिहिणे हा अभिमानाचा धंदा होता. आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत रहस्यकथाकार म्हणून ओळखला जाणारा एकही लेखक नाही.

तरी बिरादरी तयार झालीच. अर्नाळकर वाचून मोठी झालेली पिढी लिहू लागली. गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणला आणि तेही शेकडो पुस्तकांपर्यंत पोहोचले. नारायण धारपांनी भयकथेची वाट धरली, रत्नाकर मतकरींनी गूढकथेची. सुहास शिरवळकरांचे नाव आपल्या ग्रुपवर ‘दुनियादारी’ सिनेमामुळे गाजते, पण त्यांची सुरुवात दारा बुलंद, फिरोज इराणी यांच्या रहस्यकथांनीच झाली. मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होताच, त्याला मात्र शाळेच्या वाचनालयात मानाची जागा होती. आपणही तो रांगा लावून वाचला.

सत्तरीच्या पुढे गेल्यावर अर्नाळकरांचे लेखन थांबले. १९८४ हे गिनेसच्या नोंदीतले शेवटचे वर्ष. योगायोग असा, की त्याच सुमारास त्यांचा वाचकही पांगला. संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. खोल्या रिकाम्या झाल्या, कोपऱ्यावरची भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये एकेक करून बंद पडली, आणि घराघरांत टीव्ही आला. आपल्याला आठवतो तो ‘एक शून्य शून्य’ आणि आपण आठवीत असताना लागणारा ‘ब्योमकेश बक्षी’. ब्योमकेश बघायला आईवडील शेजारी बसत. झुंजार वाचायला मात्र भूगोलाचे पुस्तक लागे. तेव्हा हे मला विसंगत वाटले नाही. टीव्हीवर आले म्हणजे चांगलेच असणार, आणि फाटक्या कव्हराचे म्हणजे वाईटच, असे माझे साधे गणित होते.

लेखन थांबल्यानंतर ते आणखी बारा वर्षे जगले. ५ जुलै १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. तारीख पाहून मी थबकले. दहावीचा निकाल घेऊन आपण शाळेतून नुकतेच बाहेर पडलो होतो. मी अकरावीला अलिबागला जाऊ लागले होते. सकाळची एसटी, पाऊस, नवी वही, नवे कॉलेज. त्या आठवड्यातल्या पेपरात बातमी आली असणार, पण माझ्या नजरेला पडली नाही. मी तोवर त्यांचे एकही पुस्तक पूर्ण वाचले नव्हते. जे हातात आले होते ते मी उचलून दिले होते.

आता वाचते आहे. अलीकडे त्यांच्या निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या आहेत, आणि जुनी पुस्तके रद्दीवाल्यांकडे, फुटपाथवर अधूनमधून मिळतात. गेल्या वर्षभरात मी झुंजारच्या चौदा कथा वाचल्या. सगळ्याच उत्तम आहेत असे म्हणणार नाही. काही घाईत उरकलेल्या आहेत, काहींचा शेवट पाचव्या पानावर कळतो. सोळा दिवसांत एक लिहायची म्हटल्यावर हे होणारच. पण चांगल्या कथेत एक जागा येते, जिथे डोळे ओळींच्या पुढे धावू लागतात आणि बोट आपोआप पान उलटते. अशा प्रत्येक जागी मला शेवटचा बाक दिसतो.

ते नेमके पुस्तक मला अजून सापडलेले नाही. विजया अडकली आहे आणि झुंजार निघाला आहे, एवढ्या खुणेवर १०९२ मधून एक शोधायचे म्हणजे काय, हे तुम्हीच बघा. विजया फार वेळा अडकते! तरी शोध सोडलेला नाही. कुणाच्या माळ्यावर, वाडीतल्या जुन्या पेटीत, आजोबांच्या कपाटात अर्नाळकर असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका, मला कळवा. आणि गुरुजनांना एक विनंती. शाळेच्या जुन्या कपाटात जप्त केलेल्या वस्तूंचा एखादा गठ्ठा अजून पडून असेल, तर तो एकदा उघडून पाहावा.

स्नेहसंमेलनाला आपला एकदऱ्याचा मित्र येणार आहे. त्या दिवशी होडी काढणार नाही, असे त्याने कबूल केले आहे. त्याच्या काकांची ट्रंक १९८९ च्या पावसात भिजली होती, त्यातली थोडीच पुस्तके वाचली. तीही घेऊन येतो म्हणाला. माझ्या चौदा मी आणते. दुपारच्या जेवणानंतर, भाषणे आटोपली की, त्याने आपल्याला एक झुंजार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवावा, अशी मी त्याला गळ घातली आहे. तो लाजतो आहे. तुम्हीही आग्रह करा.

फळ्याजवळ यावेळी कुणीही उभे राहणार नाही, याची जबाबदारी माझी.

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९६, व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता)